नाकातला वाटाणा, गुडघ्याचा पट्टा

राधानगरी, ४ ऑगस्ट २०२४

ती. आकाराममामांस,
संयोगिताचा सा. न. वि. वि.

फोनवर बोललं की तुमचं लक्ष गिऱ्हाइकाकडं, म्हणून कागदावर लिहिते.

मंगळवारी अंगणवाडीत कडधान्यं चिकटवून मोर करत होतो. चार वर्षांच्या सम्राटनं वाटाणा नाकात घातला. मी मोबाइलवर शोधलं. पहिल्याच व्हिडिओत एक जण तेल सोडून चिमट्यानं ओढा म्हणाला. मन घेईना. यादीत आणखी खाली गेले, तर एका रुग्णालयाच्या पानावर लिहिलेलं, नाकात काही घालू नका, डॉक्टरांकडं न्या. नेलं, निघाला. पण त्याची आजी बयाबाई गावभर सांगते, "पोराच्या नाकात वाटाणा आन् बाई मोबाइलात."

त्यात पर्यवेक्षिका म्हणतात, मोबाइलवर माहिती कशी शोधायची ते बैठकीत चाळीस सेविकांना तूच सांग. मला त्यातलं काय येतं? नशिबानं जमलं. नकाराचा अर्ज लिहून ठेवलाय. देऊ का?

मामींना नमस्कार. रागावून का होईना, माया कळवत राहा.

आपली,
संयोगिता

शाहूपुरी, ९ ऑगस्ट

चि. संयोगितास,
मामाचे अनेक आशीर्वाद.

अर्ज फाड. सातवी शिकून उचगावातनं सायकलवर इथं कामाला यायचो, तेव्हा पाण्याच्या पंपातलं मला तरी काय येत होतं? पण कुणी बोलायला लागला की मी दोनच गोष्टी ऐकायचो. हा कोण, आणि ह्याला काय विकायचंय. मग आणखी दोघांना विचारायचो. त्यावरच दुकान उभं राहिलं. नशिबावर चालणारा पहिल्या व्हिडिओवर थांबतो, तू खाली गेलीस. मन का घेईना, तेवढं परत बघ.

बयाबाईचं सोड. नातू खेळतोय म्हणून तिला बोलायला सवड हाय.

माझा गुडघा दुखतोय. मोबाइलवर एका पट्ट्याची जाहिरात आली, तुला धाडलीय. दहा दिवसांत माणूस पळतो म्हणे. मागवलाय.

आमच्यावर जीव आहे तसा राहू दे.

तुझा मामा

राधानगरी, २२ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

बोलले. आधी कागदात बघून वाचत होते, मग बोलायची थांबेचना. तो व्हिडिओ परत बघितला होता. त्या माणसाच्या मागं त्याच्याच तेलाच्या बाटल्या मांडलेल्या, तेच मला खटकलं असणार. सगळ्यांना ते दाखवलं, तुमचे दोन प्रश्न सांगितले आणि सरावाला एक जाहिरात दिली. पाच मिनिटांत निकाल लागला. डॉक्टरचं नाव नाही, पत्ता नाही, दुसरं कुणी तसं सांगत नाही. मागून एक सेविका म्हणाली, "असलं मागवतंय तरी कोन?"

मामा, जाहिरात तुमच्या पट्ट्याची होती. कुणी मागवलाय, तेवढं सांगितलं नाही.

काल बयाबाई सुनेचा फोन घेऊन आली. "बाई, ह्ये खरं हाय का बघ की."

पट्टा परत धाडा आणि गुडघा डॉक्टरांना दाखवा. न्हाय तर पुढच्या बैठकीत नाव सांगीन.

एवढं बोलूनही लोभ कमी होणार नाही, हे ठाऊक असलेली,
संयोगिता