साठ लिटर खारं पाणी

९ सप्टेंबर

भावोजी काचेची टाकी घेऊन आले! ते ज्या दातांच्या दवाखान्यात नावं नोंदवायला बसायचे तो बंद झाला. डॉक्टर म्हणाले, हवी तर न्या, नाहीतर भंगारात जाईल. साठ लिटरची. एका कोपऱ्याचा टवका उडालाय. ताई दारातच — "आता ह्यात काय, कांदे-बटाटे ठेवू?" भावोजींनी माझ्याकडे बोट दाखवलं. "त्याला काहीतरी उद्योग हवाच आहे."

उद्योग! बेचाळीस दिवस झाले, ताईकडे पडून आहे. डेपोनं मन थाऱ्यावर येईपर्यंत रजा दिली आहे. एकवीस वर्षं बस चालवली. आता पलंगापासून खिडकीपर्यंत जातो, आणि परत.

१० सप्टेंबर

टाकी घासली. भरून ठेवली, गळत नाही. ताई म्हणते सोनेरी मासे आण, गोड्या पाण्यातले, सोपे असतात. सोपं नको वाटलं. म्हटलं, समुद्रातले आणतो. का म्हटलं कुणास ठाऊक.

१२ सप्टेंबर

माशांच्या दुकानात गेलो. बाजाराच्या मागं आहे. जवळचा रस्ता घड्याळवाल्यांच्या चौकातून जातो, म्हणून शाळेला वळसा घालून गेलो. पाऊण तास लागला.

दुकान एक बाई चालवतात. साठीच्या असतील. हात कायम ओले, चष्मा दोरीनं गळ्यात. "पहिलीच वेळ? मग मासा विसरा. आधी पाणी." घरातलं मीठ चालत नाही — पहिला धडा. ह्याचं मीठ वेगळं मिळतं. शिवाय खारटपणा मोजायचा काटा, हीटर, पंप, वाळू. आणि ओल्या कागदात गुंडाळलेले चार दगड. जिवंत दगड म्हणे! भोकाभोकांचे, समुद्रातले. त्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात, ते माशाची घाण पचवतात. ते पुरेसे वाढेपर्यंत मासा सोडायचा नाही.

"किती दिवस?"

"पाच आठवडे. कधी सातही. मधेच सोडलात आणि मेला, तर मला शिव्या घालायला यायचं नाही!"

बऱ्याच दिवसांनी हसू आलं.

१३ सप्टेंबर

दिवसभर बादलीत मीठ कालवत होतो. काटा १.०३० वर. पाणी घातलं — १.०२०. मीठ घातलं. परत वर! ताई ओट्यापासून — "चव घेऊन बघ ना!" संध्याकाळी एकदाचा १.०२५ वर थांबला. वाळू, दगड, पाणी. सगळं दुधासारखं गढूळ. कमरेचा काटा ढिला झाला.

१५ सप्टेंबर

निवळलं. चार दगड दिसतात. शेजारच्या काकू बघायला आल्या. "मासे कुठायत?" नाहीत. "मग बघायचं काय?"

मला असंच बरं वाटतं. आत मरण्यासारखं काही नाही.

१९ सप्टेंबर

चाचणी शिकलो. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, हलवायचं, पाच मिनिटं थांबायचं. पिवळं राहिलं तर ठीक. हिरवं झालं तर पाण्यात अमोनिया आहे, म्हणजे विष. आज गडद हिरवं.

२४ सप्टेंबर

डेपोचं पत्र. अपघाताच्या चौकशीचा अहवाल आलाय. कारण: ब्रेकमधला बिघाड. चालकावर ठपका नाही. आदल्या दिवशी गाडी तपासणाऱ्या फिटरला घरी बसवलंय, त्याला काढायचं की ठेवायचं ते एक नोव्हेंबरला ठरणार.

ताईनं पत्र तीनदा वाचलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवत रडली. "बघ! मी सांगत होते ना, तुझी चूक नव्हतीच!" भावोजी म्हणाले, आता तरी पोटभर जेव.

जेवलो. दोघं बघत होते म्हणून.

माझ्या बसखाली आले तेव्हा घड्याळवाले समोरच्या दुकानात एक दुरुस्त केलेलं घड्याळ द्यायला निघाले होते. एकोणतीस जुलै. सकाळचे नऊ चाळीस. त्यांच्या दुकानाच्या काचेत वीस-पंचवीस घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी. रोज सकाळी मान वर करून माझी बस बघायचे आणि मनगट बघायचे. मी वेळेवर असलो की हात करायचे.

२५ सप्टेंबर

हिरवं.

२ ऑक्टोबर

पाणी दोन बोटं उतरलं होतं. मीठ कालवलेलं पाणी ओतलं — काटा १.०२८! घाबरून दुकानात फोन. बाई ओरडल्याच. "अहो, उडतं ते पाणी, मीठ कुठं उडतं? वरून साधं पाणी घालायचं!" शाळेत शिकलो होतो हे. थोडं थोडं काढून, साधं घालून जाग्यावर आणलं.

वाळूवर तपकिरी थर आलाय. सगळं गंजल्यासारखं दिसतं. ताईला किळस येते. बाई म्हणतात, होतं असं, हात लावू नका.

७ ऑक्टोबर

फिटर भेटला.

मी ताईची चप्पल शिवायला टाकून परत येत होतो. तोच समोरून आला. दाढी वाढलेली. मी दुसऱ्या बाजूला जाणार होतो, पण त्यानं हाक मारली. आणि माझा हात धरला! म्हणाला, "दादा, तुमच्यापुढे यायला तोंड नव्हतं. माझ्यामुळं तुमच्या मागं हे सगळं लागलं."

मी म्हटलं, असं नको बोलूस.

"रोज सगळं पहिल्यापासून आठवतो. पान्यानं आवळलं. परत बघितलं. हात लावून बघितलं. बायको म्हणते, तू कधी चुकत नाहीस. पण अहवालात आलंय म्हणजे कुठंतरी चुकलोच असणार ना? एवढे शिकलेले लोक काय उगाच लिहितील?"

भर रस्त्यात उभा राहून तो हवेत नट आवळून दाखवत होता. असा — मग असा — मग असा. लोक वळून बघत होते.

"तुम्ही पाय दाबला तेव्हा पेडल एकदम मोकळं गेलं की थोडं लागलं? तेवढंच सांगा. म्हणजे मला कळेल कुठं राहिलं."

मला बरं नाही म्हटलं आणि निघालो. शाळेपर्यंत जवळजवळ पळतच आलो.

८ ऑक्टोबर

झोप नाही. सकाळी चाचणी — हिरवंच. पूर्वीपेक्षा फिकं, पण हिरवं.

तरी दुकानात गेलो. घरात काहीतरी हलणारं पाहिजे होतं, त्या दगडांकडे बघवेना. बाईंनी विचारलं, "चाचणी केलीत? रंग कुठला?"

"पिवळा."

"एवढ्यात?" — चष्मा लावून माझ्याकडे बघितलं. "बरं. तुम्ही म्हणताय म्हणजे झालं असेल."

नारिंगी मासा. अंगावर पांढरे पट्टे. अंगठ्याएवढा. पिशवी तासभर पाण्यावर तरंगत ठेवली, मग सोडला. ताई टाळ्या वाजवायची बाकी राहिली! भावोजी खुर्ची ओढून बसले. आज घरात सगळे हसले.

९ ऑक्टोबर

मासा वरच असतो. पाण्याला तोंड लावून धापा टाकतो. ताई म्हणते, नवीन घर आहे, रुळेल.

अर्धं पाणी बदललं. उपयोग नाही.

१० ऑक्टोबर

गेला. सकाळी वाळूवर आडवा.

ताई स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं रे? काल तर खात होता!" मी म्हटलं — दुकानातूनच आजारी दिला असेल.

सहज निघालं तोंडातून. जरा अडखळलोही नाही.

११ ऑक्टोबर

ताई मासा घेऊन दुकानात गेली! टाकीतलंच पाणी भरलेल्या पिशवीत घालून. मी अंघोळीला गेलो होतो. परत आली ती लालबुंद. "चार गिऱ्हाइकांदेखत झापलं. म्हटलं, माझा भाऊ आधीच केवढ्यातून गेलाय, त्याला मरायला टेकलेला मासा देता? लाज नाही वाटत?"

बाई काय म्हणाल्या?

"काय म्हणणार! पिशवी ठेवून घेतली. म्हणाल्या, पाणी तयार झालं की दुसरा देईन, फुकट."

मग ताईनं माझ्या पानात वाढलं आणि म्हणाली, "तू मुळीच मनाला लावून घेऊ नकोस."

१४ ऑक्टोबर

हिरवं. मेलेल्या माशामुळं परत चढलंय.

१७ ऑक्टोबर

भावोजींनी बातमी आणली. फिटरनं डेपोला स्वतःच लिहून दिलंय — हलगर्जी झाली असेल, माफ करा. असेल! बिचाऱ्याला वाटलं, कबूल केलं तर ठेवतील.

ताई म्हणाली, "कबूल केलं ना? झालं तर मग."

१८, १९, २०

काही नाही.

२३ ऑक्टोबर

फिकं हिरवं. एका दगडाच्या भोकातून केसासारखं काहीतरी बाहेर येतं आणि सावली पडली की आत जातं. मी तास तास बघत बसतो. ताई खूश आहे — म्हणते, चेहऱ्यावर जरा तेज आलं. कुठलं तेज!

२९ ऑक्टोबर

पिवळं. तीनदा केली चाचणी. तीनदा पिवळं.

ताई म्हणाली, "चल, आणूया तो दुसरा मासा." म्हटलं, मी एकटा जातो.

३० ऑक्टोबर

आज चौकातून गेलो. घड्याळवाल्यांच्या दुकानाचं शटर अर्धं उघडं. आत त्यांची मुलगी खोक्यात घड्याळं भरत होती, एकेक कागदात गुंडाळून. तिनं मला बघितलं, पण ओळखलं नाही. तिथं उभं राहवेना.

माशांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाई जाळी धूत होत्या. मी एका दमात सांगितलं. रंग हिरवा होता. मी पिवळा म्हटलं. मासा चांगला होता, मी मारला. ताईला खोटं सांगितलं. तुम्ही उगाच ऐकून घेतलंत.

त्यांनी जाळी झटकली. "माहीत आहे."

"कसं?"

"तुमच्या ताईनं पिशवीत पाणी आणलं होतं ना? त्या गेल्यावर तपासलं. गर्द हिरवं."

"मग तेव्हाच का नाही बोललात? फोन का नाही केला? एकोणीस दिवस झाले!"

"एवढ्या हौसेनं तुमच्यासाठी भांडत होत्या, त्यांना काय सांगू? तुमचा भाऊ खोटं बोलतो?" मग टाकीत जाळी घालता घालता म्हणाल्या, "मी काय, चार लोकांत ऐकून घेतलं आणि दुपारी जेवले. माझं काही गेलं नाही हो. मासा गेला. हा घ्या दुसरा."

मी म्हटलं, आज नको. हातात पिशवी घेऊन जाता येणार नाही अशा ठिकाणी जायचंय.

त्यांनी विचारलं नाही कुठं. मी तरी कुठं गेलो? बाजारात दोन चकरा मारून घरी आलो. ताई गॅलरीत कपडे वाळत घालत होती. म्हटलं, ताई, जरा आत येऊन बस.

३१ ऑक्टोबर

डेपोत जाऊन लिहून दिलं. ब्रेक लागत होता. जेवणाचा डबा घसरून पायाशी आला म्हणून मी खाली वाकलो होतो. मान वर केली तेव्हा घड्याळवाले बससमोर होते. फिटरनं सगळे नट नीट आवळले होते.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "घरी माहीत आहे?"

म्हटलं, बहीण बाहेर बाकावर बसली आहे.