मुलींच्या घराचं तोंड

१ फेब्रुवारी १९९९, सोमवार

टाइल्सवाल्या कंपनीने ही डायरी फुकट दिली. जानेवारीची पानं कोरी गेली, पण रमझानमध्ये ऑफिस अर्धाच दिवस असतं, तेव्हा ती धरायची नाहीत. आजपासून रोज एक पान लिहिणार. पहाटे लगूनच्या काठाने एक फेरी मारणार. आणि स्वतःला ड्राफ्ट्समन म्हणणं बंद. विसावर लिहिलंय ते लिहिलंय. अकरा वर्षं मी रेघा मारतोय आणि आमचे आर्किटेक्ट मुनीरसाहेब खाली सही मारतात.

चिपळूणला आई सगळ्यांना सांगते की चारू दुबईत आर्किटेक्ट आहे. मी राहतो शारजात आणि आहे ड्राफ्ट्समन, म्हणजे एका वाक्यात दोन चुका. पहिली सगळेच करतात म्हणून मी दुसरीही दुरुस्त केली नाही. खोटं मी कधी बोललेलो नाही.

४ फेब्रुवारी, गुरुवार. हाफ डे

फेरी झाली नाही. आमच्या अल मजाज भागात सकाळी दमट असतं.

मोठी बातमी. एका खाजगी कॉलेजच्या होस्टेलचं काम ऑफिसला मिळालं. मालकाचा मुलगा अमेरिकेत शिकून आलाय. त्याने फोटोंचा अल्बम आणला होता. तिकडे म्हणे पोरं होस्टेलमध्ये राहत नाहीत, टोळी करून बंगल्यात राहतात. मुलांच्या टोळीचा बंगला वेगळा, मुलींचा वेगळा. पुढे चार पांढरे उंच खांब, वर त्रिकोणी माथा, रुंद पायऱ्या, आणि माथ्यावर ग्रीक अक्षरं. लांबून गणिताच्या पेपरासारखं दिसतं. त्याला तस्सेच दोन बंगले हवेत, एक मुलांचा, एक मुलींचा.

मुनीरसाहेबांनी अल्बम माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, हबीबी, यू ड्रॉ. दुसऱ्या कुणाकडे नाही, माझ्याकडे. (दुसरा ड्राफ्ट्समन सोमनाथ रजेवर आहे, पण तो असता तरी.)

९ फेब्रुवारी, मंगळवार

साहेबांचं स्केच आलं. पुढे मुलांचं घर, मागे मुलींचं. मुलींच्या घराचे खांब, पायऱ्या, बाल्कनी सगळं पलीकडे बागेकडे, आणि मुलांच्या बाजूला नुसती पाठ. सपाट भिंत, वर जिन्याच्या बारक्या खिडक्या.

चुकलंय. पलीकडे म्हणजे दक्षिण. पन्नास मुली रोज दक्षिणेच्या दारातून आत-बाहेर करणार? आमच्या चिपळुणात गोठ्याचं दारसुद्धा कुणी दक्षिणेला काढत नाही. अमेरिकेतून अल्बम आणता येतो, वास्तुशास्त्र आणता येत नाही. बायकोला, शोभनाला सांगितलं. तिने विचारलं, साहेबांना बोललात का. बायकांना सरप्राइज ही गोष्टच कळत नाही.

१४ फेब्रुवारी, रविवार

केलं. कॉम्प्युटरवर एक मिरर कमांड, आरशातल्यासारखं उलटं, आणि मुलींचं घर उत्तरमुखी. खांब आता मुलांच्या घराकडून सरळ दिसतात. किती शोभा आली. उगाच मागे लपवले होते.

म्युनिसिपालिटीला साहेबांचा पहिला नकाशा गेलेला आहे. साइटवर माझा जाईल. साहेब लिफ्टमध्ये शिरत होते तेव्हा शीट पुढे केली. मोबाइलवर बोलता बोलता त्यांनी सही केली. म्हणजे त्यांनी तपासली. कोपऱ्यात ‘डिझाइन्ड बाय’ची चौकट रिकामी होती. रिकामी चौकट बरी दिसत नाही म्हणून मी सी. के. लिहिलं. चारुदत्त करमरकर.

२२ फेब्रुवारी, सोमवार

एक प्रिंट काढून रोल्ला मार्केटात फ्रेम करून घेतली. हॉलमध्ये सोफ्याच्या वर लावली. अवनीने शाळेत ‘माय फादर्स वर्क’वर भाषण केलं, टाळ्या पडल्या. तिने इंग्रजीत विचारलं की पूर्ण नाव का नाही घातलंस. मी म्हणालो, मोठे आर्किटेक्ट इनिशियल्सच घालतात.

६ एप्रिल, मंगळवार

मधली पानं राहिली. कामाचा लोड.

साइटवर गेलो. कॉन्ट्रॅक्टरचा फोरमन आपल्याकडचा निघाला, दगडू शिगवण, गुहागरकडचा, चिपळूणपासून तासाभरावर. पन्नाशी उलटलेली. अजमानच्या कॅम्पात राहतो. इंग्रजी येत नाही पण नकाशा घडाघडा वाचतो. धाकटी मुलगी गिरिजा रत्नागिरीला नर्सिंगला आहे, अजून दोन वर्षं. ती झाली की आपण खलास, गावी जाणार म्हणाला.

मग मला पायाजवळ नेऊन हळूच म्हणाला की साहेब, मुलींची पडवी मुलांच्या खोल्यांसमोर येतेय, असं असतं का या देशात, एकदा मोठ्या साहेबांना विचारून घ्या.

मला राग आला. म्हटलं, तू फोरमन आहेस, नकाशात आहे तसं बांध. तो म्हणाला, बरं साहेब, तुम्ही म्हणता म्हणजे असेल. गवंडीकाम करणाऱ्यांना एलिव्हेशन, म्हणजे दर्शनी बाजू, कळत नाही, त्यांची चूक नाही.

१५ जून, मंगळवार

चारही खांब उभे. सत्तेचाळीस डिग्री, तरी अर्धा तास उन्हात उभा राहून बघितले. दगडूने खांबाला ओळंबा लावून दाखवला, केसभर फरक नाही. आईला फोनवर सांगितलं की माझं घर उभं राहिलं. तिला वाटलं मी फ्लॅट घेतला. तिने पेढे वाटले.

१२ ऑक्टोबर, मंगळवार

वाईट दिवस.

कॉलेजच्या लेडी वॉर्डन शहनाझ मॅडम मुलींचं घर बघायला आल्या. सोबत मालक, मुनीरसाहेब, मी. वरच्या बाल्कनीचं दार मीच उघडलं. ऐटीत. समोर मुलांच्या घराची मागची गॅलरी. रंगारी तिथे लुंग्या वाळत घालत होते. एक जण बादली घेऊन आंघोळ करत होता. त्याने आम्हाला सलामसुद्धा केला.

मॅडम आत वळल्या आणि मालकांना अरबीत काहीतरी म्हणाल्या. मला अरबी फारसं येत नाही, पण मालकांचा चेहरा सगळ्या भाषांत कळला असता. मुनीरसाहेब खांबांकडे बघत राहिले. हे इकडे कसे आले, एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चेक करतो सर.

१३ ऑक्टोबर, बुधवार

मीटिंग. म्युनिसिपालिटीचा मंजूर नकाशा टेबलावर. त्यात खांब दक्षिणेला. साहेबांनी मला विचारलं की साइटला कोणता नकाशा गेला.

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण कॉन्ट्रॅक्टरचा मॅनेजर मध्येच म्हणाला की आमच्या फोरमनला इंग्रजी येत नाही. तेव्हा माझ्या तोंडून निघालं की मग त्याने ट्रेसिंगचा पारदर्शक कागद उलट्या बाजूने वाचला असेल. मी फक्त एक शक्यता मांडली. असेल म्हणालो, आहे म्हणालो नाही.

सगळ्यांनी मान हलवली. इतक्या लवकर हलवतील असं वाटलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, गुरुवार. हाफ डे

साइटवर गेलो. दगडूच्या केबिनमध्ये माझी शीट भिंतीला चिकटवलेली होती. म्हटलं, नवीन रिव्हिजन आलीय, जुनी परत दे. त्याने चिकटपट्टी नखाने हळू हळू सोडवली, कोपरा फाटू नये म्हणून. घडी घालून दिली. मी त्याला पहिला नकाशा दिला. त्याने तो उलगडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं. मग चहा सांगितला.

चहा घेतला. नाही म्हटलं असतं तर वाईट दिसलं असतं. शीट गाडीत फाडली.

१६ ऑक्टोबर, शनिवार

झोप नीट नाही. ए.सी. आवाज करतो.

ठरवलंय, साहेबांना सगळं सांगायचं. पण आज ते अबुधाबीला. सोमवारी त्यांचं बीपी वाढलेलं असतं. बुधवारी सांगीन, इन्शाल्ला.

२५ ऑक्टोबर, सोमवार

बुधवारी साहेबांकडे पाहुणे होते.

दगडूचा विसा कॅन्सल झाला. वर बॅन. कॉन्ट्रॅक्टरवाले कडक आहेत, आपण काय करणार. तसाही तो दोन वर्षांनी जाणारच होता. गावी हवा चांगली असते. लिहितोय आणि माझीच मला लाज वाटतेय, पण ही डायरी कुणी वाचणार नाही.

४ नोव्हेंबर, गुरुवार

संध्याकाळी बेल वाजली. दारात दगडू. इस्त्रीचा शर्ट, केसांना तेल. वाटलं, जाब विचारायला आला.

तो विचारायला आला होता की उद्या निघतोय, आईंना काही पाठवायचंय का. इकडून गावी जाणारा माणूस सगळ्यांकडे विचारून जातो, ती पद्धत आहे. ज्याने त्याला घालवलं त्याच्याकडेही विचारतात हे मला माहीत नव्हतं.

शोभनाने त्याला सोफ्यावर बसवलं, चकल्या दिल्या, दिवाळीला घरी पोचताय, नशीबवान आहात म्हणाली. ती पार्सल बांधत होती, निडो दूध पावडरचा डबा, टँग, खजूर, डोकेदुखीचं अ‍ॅक्स ऑइल. अवनीने त्याला फ्रेमसमोर नेलं आणि इंग्रजीतून ऐकवलं की हे माय डॅडने डिझाइन केलंय. मी म्हणालो, अवनी, आत जा. ती गेली नाही.

दगडू उठून फ्रेमच्या अगदी जवळ गेला. खांब बघितले. उत्तरेचा बाण बघितला. बोट टेकवलं नाही, काचेवर डाग पडेल म्हणून हात मागे धरले. बराच वेळ बघत होता. फ्रेम जरा वाकडी होती, ती त्याने सरळ केली. मग पार्सलचं वजन हाताने तोललं, म्हणाला, होईल नीट, आणि शोभनाला नमस्कार करून गेला.

मी त्याला लिफ्टपर्यंतही सोडलं नाही. फ्रेमच्या समोर उभा राहिलो. तो माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठा, आणि मी त्याला कायम अरेतुरे केलं.

१२ नोव्हेंबर, शुक्रवार

आईला फोन लागला नाही. चिपळूणची लाइन.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

लाइन. (डायल केला नाही.)

फ्रेम काढली. तिथे भिंत जास्त पांढरी दिसते. शोभनाने का काढली विचारलं, मी म्हणालो काच बदलायचीय. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मी ती परत लावली.

२६ नोव्हेंबर, शुक्रवार

अवनीने हट्टच धरला की तुझं घर दाखव. दोघींना घेऊन गेलो. मुलींच्या घरासमोर आता चार मीटर उंच भिंत बांधलीय, या टोकापासून त्या टोकापर्यंत. खांब नाहीत, पायऱ्या नाहीत, काही दिसत नाही. त्रिकोणी माथ्याचं टोक तेवढं वर आलंय. वॉचमनने आत सोडलं नाही. अवनीने विचारलं, व्हेअर इज इट, बाबा? मी म्हणालो, भिंतीमागे. ती गाडीत जाऊन बसली. परतताना शोभनाने रेडिओ लावू दिला नाही.

२७ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन, दार लावून, सगळं. मिरर कमांड, सी. के., फाडलेली शीट. म्हटलं, मला काढा पण त्या माणसाला परत बोलवा.

साहेब चेक लिहीत होते. मान वर न करता म्हणाले की हबीबी, मला पहिल्याच दिवशी, त्या बाल्कनीतच कळलं होतं. मिरर झालेलं घर मला ओळखता येत नाही का. पण खाली माझी सही होती. ऑफिसची चूक ठरली असती तर भिंत आपल्याला बांधावी लागली असती. फोरमनची ठरली, कॉन्ट्रॅक्टरने बांधली. बॅन लागलेला माणूस परत येत नाही. खलास. यल्ला, पार्किंगचा लेआउट कुठवर आला?

पार्किंगचा लेआउट दुपारपर्यंत संपवला. खरं सांगायचं तर केबिनमधून बाहेर पडताना क्षणभर हलकं वाटलं होतं. तेच सगळ्यात वाईट.

३ डिसेंबर, शुक्रवार

आज फोन केला. शोभनाने फोनचं कार्ड खरवडून रिसीव्हर माझ्या हातात दिला, आणि समोर उभी राहिली.

आई खुशीत होती. पार्सल दिवाळीच्या आदल्या दिवशीच पोचलं. दगडूभाऊ स्वतः गुहागरहून एस.टी.ने घेऊन आले, डबा चेपू नये म्हणून मांडीवर धरून. त्यांची गिरिजा घरी आलीय, कॉलेज सोडलं म्हणे, आईला कारण कळलं नाही. आईने त्यांना विचारलं की आमच्या चारूने ते मोठं घर काढलंय, तुम्ही बघितलंत का.

मी विचारलं, मग काय म्हणाले.

आई म्हणाली, किती कौतुक करत होते रे तुझं. म्हणाले, आई, तुमच्या मुलाने कागदावर जसं काढलं होतं तस्संच बांधलं मी, इंचभर इकडेतिकडे नाही.

आईने दोनदा विचारलं, ऐकतोयस ना. मी हो म्हणालो. शोभनाला सगळं ऐकू येत होतं.