पानं नाही, ऊन पळतं

प्रिय चिनात्सु,

तू पाठवलेले सेगावा रविवारी सकाळीच दारात हजर झाले. "ऑफिसातले आहेत, फोटोंचं वेड आहे, त्यांना आपला डोंगर दाखवा," एवढंच तू फोनवर म्हणाली होतीस. पानंही यंदा मनासारखी रंगलीत. वर बीच जातीची झाडं पिवळीधमक, आणि ओढ्याकाठचे मेपल असे लालभडक की नजर ठरत नाही.

पण यांच्याबरोबर चालणं म्हणजे शिक्षाच गं! एका मेपलखाली गुडघे टेकून बसले ते उठेचनात. शेवटी मी म्हटलं, "अहो, पानं काय पळून जाणार आहेत?" तर म्हणतात, "पानं नाही काकू, ऊन पळतं." माझा ताकुमा असता तर भराभर फोटो काढून एव्हाना डबा उघडून बसला असता. हे मी त्यांना मुद्दामच बोलून दाखवलं. गेलेल्या माणसाचं नाव निघालं की लोक विषय बदलतात. यांनी कॅमेरा खाली केला आणि विचारलं, "अजून काय आवडायचं त्याला?" मग मी सांगतच सुटले. त्याची बेसूर शिट्टी, अळकुड्यांच्या रश्श्यावरून माझ्याशी घातलेला वाद, तुला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हाची त्याची तारांबळ. तो गेल्यापासून आपण सासू-सुना एकमेकींना रडू येऊ नये म्हणून त्याचं नावच घेत नाही. त्या दिवशी मी पोटभर बोलले, आणि पोटभर हसलेही.

उतरताना लाकडी पुलापाशी ओल्या पानांवरून माझा पाय सटकला. सेगावांनी हातातला कॅमेरा सोडून दिला आणि माझं मनगट धरलं. कॅमेरा खडकांवर आपटत ओढ्यात गेला. मला इतकं ओशाळल्यासारखं झालं! "सगळे फोटो गेले हो तुमचे!" तर म्हणाले, "असू द्या काकू, पुढच्या वर्षी परत येऊ." म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. एकटा माणूस 'येईन' म्हणतो गं. हे 'येऊ' म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी अळकुड्यांचा रस्सा दोनदा मागून घेतला. निघताना ताकुमाच्या तसबिरीपुढे अगरबत्ती लावू का, असं विचारलं, आणि हात जोडून बराच वेळ बसून राहिले. त्याच्याशी काय बोलले, ते मी विचारलं नाही.

आता तुला जे सांगायचं धाडस होत नाहीये, ते मीच लिहिते. तुम्ही दोघं लग्न करा. माणूस चांगला आहे. आमचं आडनाव सोडलंस म्हणून तू परकी होणार नाहीस. आपल्या घराण्याच्या कबरीत ताकुमाशेजारी तुझी जागा धरलेली आहे, त्याचंही ओझं बाळगू नकोस. आपली कबर ज्या देवळाच्या आवारात आहे, तिथे काल मी जाऊन आले. पुजारीबुवांना सांगितलं, तिथे फक्त माझी जागा ठेवा, माझ्या मुलीला अजून खूप जगायचं आहे.

तुझीच,
आई