अकरावी गत

चौक, लखनौ
रविवार, १७ नोव्हेंबर १९९६
दुपारचे सव्वातीन

प्रिय आपा,

सलाम. अंगणात डग्ग्याची चामड्याची वादी ओढत बसलो होतो. ती अर्धवट सोडून, हात धुऊन लिहायला घेतलं आहे, कारण हमीदा खाला उद्या सकाळच्या बसने बरेलीला निघतात आणि हे पत्र त्यांच्याच हाती द्यायचं आहे. टपालाने पाठवलं तर ते आधी खाँसाहेब फोडणार. तुझे सासरे आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण घरात येणारं प्रत्येक पत्र तेच फोडतात हे तूच सांगितलं होतंस. खालांच्या चिकनकामाच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात एक पिस्ता रंगाचा कुर्ता आहे. पत्र त्याच्या घडीत ठेवलं आहे. वाचून झालं की चुलीत घाल.

अब्बांची तब्येत बरी आहे. खोकला आहे, पण औषध घेतात. समोरच्या रोटीच्या दुकानात शीरमाल आता लहान झालं आणि महाग झालं. शानूचा पुढचा दात पडला असं कळलं. त्याला सांग, मामूचाही त्याच वयात पडला होता आणि नवा आला तो वाकडा आला, म्हणून जीभ लावत बसू नकोस.

दिल्लीचा कार्यक्रम चांगला झाला. आम्ही तिघं होतो. इल्झे व्हिएन्नाची. गुडघ्यांत धरून वाजवायचं तिचं ते मोठं व्हायोलिन, चेलो म्हणतात त्याला. दोन वर्षं बनारसला धृपद शिकली आहे, त्यामुळे आलापात उगाच धावत नाही. दुसरा क्वेकू, घानाचा. त्याचं ढोलकं काखेत धरतात आणि दोऱ्या आवळल्या की ते माणसासारखं खालीवर बोलतं. तिसरा मी. अब्बा या सगळ्याला खिचडी म्हणतात. निघताना पाया पडलो तर म्हणाले, "जा, खिचडीत मीठ टाकून ये. जास्त पडलं तर माझं नाव सांगू नकोस." पण त्यांनीच माझी तबल्याची पिशवी शिवून दिली होती.

एवढं लिहून उठलो आणि वादी पुरी ओढून आलो. आता लिहायचं टाळायला ते कारण उरलेलं नाही.

आपा, दिल्लीत मी अकरावी वाजवली.

पुढचं तुला माहीत आहे, तरी मी क्रमाने लिहितो, नाहीतर मला लिहिता येणार नाही. तुझ्या निकाहच्या बोलण्याला खाँसाहेब आले तेव्हा अब्बांकडे ना स्कूटर द्यायला पैसे होते ना फ्रीज. खाँसाहेबच म्हणाले, "सामान कशाला? मियाँ बशारतांनी बांधलेल्या अकरा गती द्या. आमच्या मुलाला तेवढं पुरे." तबल्याच्या घरांत गत हुंड्यात देतात, आणि एकदा दिलेली गत माहेरी पुन्हा वाजत नाही. निकाहच्या दिवशी अब्बांनी सगळ्यांसमोर परदादा मियाँ बशारतांचं नाव घेऊन कानाला हात लावला आणि म्हणाले की आजपासून या अकरा आमच्या नाहीत. मी बारा वर्षांचा होतो. पाहुणे गेल्यावर अब्बा मला म्हणाले, "विसर." मी विचारलं, "कशा विसरायच्या?" म्हणाले, "बोटांना दुसरं काम लाव."

दहा गती खरंच विसरलो. विचारल्या तर तुकडे आठवतील. अकरावी विसरलो नाही, कारण ती मी बोटांनी शिकलोच नव्हतो. ती मी तुझ्या तोंडून शिकलो. तुला तबल्याला हात लावायची परवानगी नव्हती, पण कणीक मळताना बोल म्हणायला कोण अडवणार? मी पाटावर बसून शाळेचा अभ्यास करायचो आणि तू परातीत तळव्याने धा मारायचीस, मुठीने गे, आणि मध्येच गोळा उलटण्यासाठी हात आत जायचा तिथे काहीच नाही, एक मात्रा रिकामी. मग सम.

परदादांच्या अकरा गती होत्या हे सगळ्या गावाला माहीत. पण एक त्यांनी कोणाला न देताच डोळे मिटले होते, हे फक्त अब्बांना माहीत. शब्द तर अकरांचा दिला होता. निकाहच्या आदल्या दिवशी ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, "बेटी, ती तुझी कणकेची एकदा म्हण." तू म्हटलीस. त्यांनी पुन्हा म्हणायला लावली. दुसऱ्या दिवशी ती अकरावी झाली, मियाँ बशारतांची. तू पडद्याआड होतीस. मी तुझ्याजवळच बसलो होतो आणि तू माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतंस की नखं रुतली.

वर आधी लिहिलं होतं की दिल्लीत हात आपोआप त्या गतीत गेला. ते खोडलं आहे. तू शिकवलंस तसं एकाच रेघेने, म्हणजे खालचं वाचता येतं. ते खरं नव्हतं.

तालमीत इल्झेची एक धून होती आणि तिच्या मध्ये जागा रिकामी राहत होती. मी तबल्याचे दोन ठरीव कायदे वाजवून दाखवले. ती म्हणाली, "सुंदर आहेत, पण हे सगळे पाहुणे वाटतात. घरचं काही नाही का?" बाकीचं काय सांगू. खोलीत आम्ही तिघंच होतो, दार बंद होतं. मी अकरावी वाजवली. आठ वर्षांनी, आणि एकही बोल अडला नाही.

क्वेकू खिडकीत बसून संत्रं खात होता. त्याने साल खाली ठेवलं. मोडक्या हिंदीत म्हणाला, "ही कोणाची?"

मी म्हणालो, "आमच्या परदादांची."

"परदादा स्वयंपाक करायचे?"

मी हसलो नाही. म्हणालो, "का?"

तो म्हणाला, "माझी आई आणि मावशी रोज कंद कुटतात. एक मुसळ मारते, दुसरी दोन घावांच्या मध्ये हात घालून गोळा उलटते. तू जिथे थांबतोस ना, तिथे कोणाचा तरी हात आत आहे. तो बाहेर निघेपर्यंत तू थांबतोस. खोटं बोलू नकोस, भाई, ही बाईची गत आहे."

 बरेलीत इतकी वर्षं इतके जाणकार ती ऐकतात, आणि या माणसाने संत्रं खाता खाता ओळखली. आज ना उद्या आणखी कोणी ओळखणारच असं तेव्हापासून वाटत राहतं.

कार्यक्रमात ती घ्यायची असं इल्झेने ठरवलं. मी नाही म्हणू शकलो असतो. मी नाही म्हटलं नाही.

आता जे लिहायचं टाळत होतो ते लिहितो. क्वेकूच्या लोकांत वाजवण्याआधी ढोलक्यावर माणसांची नावं घेतात, ज्यांचं आहे त्यांची. त्याने मंचावर त्याच्या आजोबांचं घेतलं, मावशीचं घेतलं, आणि माइक माझ्याकडे सरकवून बघत राहिला. मी कानाला हात लावला. आपण लावतो तसाच. परदादांचं नाव जिभेवर होतं, शपथ घेऊन सांगतो. पण मी म्हणालो, "ही गत माझ्या मोठ्या बहिणीची, झकिया बानोंची. लखनौ." आणि वाजवली. लोक उठून उभे राहिले. मला ते आवडलं, हेही लिहून ठेवतो.

हे सगळं ध्वनिमुद्रित झालं आहे आणि त्याची कॅसेट निघते आहे. कंपनीचे सूदसाहेब आहेत. त्यांचा परवा कोपऱ्यावरच्या बूथवर फोन आला. म्हणाले, "कव्हर शुक्रवारी छापायला जातंय. बहीणजींचं नाव झकियाच ना? चूक नको व्हायला." मी म्हणालो, "थांबा, विचारून सांगतो." त्यांना वाटलं मला स्पेलिंग विचारायचं आहे. हसले.

काय होईल ते मला दिसतं. खाँसाहेब प्रत्येक मैफलीत अकरावी शेवटी ठेवतात आणि मियाँ बशारतांचं नाव घेऊन कानाला हात लावतात. तौकीर दुल्हाभाईंनी रेडिओवर तीच वाजवली. ती सुनेने परातीत केलेली आहे असं कॅसेटच्या कव्हरवर छापून आलं, तर त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही, आणि त्याचं उट्टं तुझ्यावर निघणार. शानूच्या तापावरून तुला चार महिने माहेरी बसवलं होतं त्यांनी. तो तर नुसता ताप होता. ही तर फसवणूक म्हणतील. दहाच दिल्या, अकरावी खोटी. आणि अब्बांनी सगळ्यांसमोर दिलेला शब्द.

अब्बांना कळलं आहे. कॅसेटची प्रत आली ती त्यांनी ऐकायला मागितली आणि मला नाही म्हणता येईना. पहिला भाग ऐकून म्हणाले, "चेलोवाली मुलगी सुरात आहे, तुझा डग्गा नाही." मग माझा आवाज आला, तुझं नाव आलं. गत संपेपर्यंत ते हलले नाहीत. मी बटण दाबायला हात पुढे केला तर त्यांनी माझा हात बाजूला केला आणि मागे नेऊन पुन्हा लावली. मग म्हणाले, "तिच्याहून जलद घेतलीस. कणीक एवढ्यात भिजत नाही."

मी म्हणालो, "अब्बा, मी ती काढून टाकायला सांगतो. किंवा परदादांचं नाव घालतो."

बराच वेळ खोकत होते. म्हणाले, "त्या दिवशी मी तिच्याकडून घेतली. देऊ का, असं तिला विचारलं नव्हतं." मग म्हणाले, "तू विचार." त्यानंतर माझ्याशी बोललेले नाहीत. तबल्यावर चादर घालून ठेवली आहे. जेवायला बसतात, पण माझ्याकडे बघत नाहीत. रागावलेत की घाबरलेत, मला कळत नाही. त्यांना एवढं गप्प मी अम्मी गेल्या तेव्हाच पाहिलं होतं.

म्हणून विचारतो. नाव राहू द्यायचं असेल तर पिस्ता कुर्ता ठेवून घे. नको असेल तर माप बसत नाही म्हणून खालांकडे परत दे, त्या गुरुवारी येतात. परत आला तर मी तेव्हाच सूदसाहेबांना फोन करून गत काढायला लावीन. परदादांचं नाव मात्र पुन्हा त्या गतीवर घालणार नाही, हे आधीच सांगतो. तेवढं माझ्याने होणार नाही. खालांना यातलं काही माहीत नाही. त्यांना वाटतं मी बहिणीला कपडा पाठवतो आहे.

मला काय वाटतं ते लिहिलं तर तुझ्यावर भार पडेल, म्हणून लिहिणार नव्हतो. मला वाटतं तू तो घालावास. आणि मला भीती वाटते की तू तो घालशील. दोन्ही खरं आहे. तू परत पाठवलास तर मला सुटल्यासारखं वाटेल आणि त्याची मला आतापासूनच लाज वाटते.

दिल्लीहून आलास की हिशेब लिहून पाठव असं तू म्हणाली होतीस, तो खाली दिला आहे. अब्बा जागे झाले. थांबतो.

तुझ्या तोंडून शिकलेला,
मुजीब

दिल्लीचे मिळाले: दीड हजार.
रेल्वे, येऊन जाऊन: एकशे चाळीस.
नवी वादी: पंच्याऐंशी.
अब्बांचं औषध: दोनशे दहा.
कुर्ता: एकशे साठ. खालांना दिलेत. परत आला तरी ते पैसे मागायचे नाहीत.
देणं: बूथवाल्याचे छत्तीस, दिल्लीच्या फोनचे. शुक्रवारी देईन, आणखी एक फोन होणार आहे.
कुर्त्याच्या खिशात: दोनशे. बरेली ते लखनौ एक पूर्ण तिकीट, एक अर्धं, आणि स्टँडपासून घरापर्यंत रिक्षा. कोणी काही बोललं तर भांडत बसू नकोस, सकाळची बस धर. हे देणं नाही, तुझेच आहेत.