दोन खिडक्यांची खोली भाड्याने देणे नाही

मी, विंका ओरेब, माहेरची झुवेला, वय वर्षे एक्क्याऐंशी, राहणार व्हेला लुका, बेट कोर्चुला, धक्क्यापासून चौथं घर, हिरव्या खिडक्यांचं, असं लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची खात्री देत नाही. डॉक्टर म्हणतात, हिवाळा काढलात तर नशीब. पण डोकं पक्कं आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, कोणी गोडीगुलाबीने सही मागितलेली नाही. माझ्याकडून गोड बोलून काही काढून घेणारा माणूस या बेटावर अजून जन्मायचा आहे. याआधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागात केलं होतं.

एक. घर.

हे घर वडिलांनी सदुसष्ट साली माझ्या एकटीच्या नावावर केलं. माझा नवरा कुझमा इथे घरजावई म्हणून आला आणि चाळीस वर्षं माझी बडबड ऐकत राहिला. त्याचे उपकार मी तो असताना कधी मानले नाहीत, ते इथे मानते.

तळमजला, स्वयंपाकघर, अंगण आणि अंजिराचं झाड मुलगा तोन्ची याला. वरच्या तीन खोल्यांपैकी दोन नात तेया हिला. तिसरी, समुद्राकडे दोन खिडक्या असलेली, माझा धाकटा भाऊ याकोव्ह झुवेला, वय सत्त्याहत्तर, हल्ली मुक्काम सिडनी, याला. खरं सांगायचं तर हा सगळा कागदाचा खटाटोप त्या एका खोलीसाठी आहे. याकोव्ह ती घ्यायला येईल की नाही, एवढी एकच काळजी मला उरली आहे. बाकीचं तुम्ही माझ्या कागदावाचूनही वाटून घ्याल.

तोन्ची, तू मागच्या वर्षी म्हणालास, "आई, आता धक्क्यावर कोण उभं राहतं? दाराला आकड्यांची पेटी लावू. पाहुणा किल्ली काढेल आणि आपला आपण आत येईल."

मी विचारलं, "आणि त्याला पाणी कोण विचारेल? पेटी?"

तू हसलास. माझ्यामागे लाव बाबा पेटी, जमाना तुझा आहे. फक्त आत टेबलावर पाण्याचा तांब्या आणि दिवस असतील तेव्हा अंजिरं ठेव. बोटीवरून उतरलेला माणूस आधी तहानलेला असतो, मग पाहुणा.

दोन. पाटी आणि धक्क्यावरची जागा.

'खोल्या मिळतील' असं चार भाषांत लिहिलेली पाटी तेयाला. तिच्यासोबत धक्क्यावर, बोट आली की आम्ही खोलीवाल्या बायका जिच्यामागे पाट्या धरून उभ्या राहतो त्या चुन्याच्या रेघेमागची माझी जागा, डावीकडून दुसरी. नियम तिला ठाऊक आहेत, तरी लिहिते: रेघ ओलांडायची नाही, उतारूच्या बॅगेला हात लावायचा नाही, आणि त्याची नजर जिच्यावर आधी पडेल तिने आधी बोलायचं.

माझ्या आईने मला आणखी एक शिकवलं होतं. "विंका, तोंडं बघत बसू नकोस. बॅग बघ आणि पायताण बघ. बॅगेवरून कळतं किती रात्री राहणार, पायताणावरून कळतं किती घासाघीस करणार." या शिकवणीवर मी पोर वाढवलं, छप्पर बदललं. आणि याच शिकवणीने माझा घात केला, तो पुढे येतो आहे.

तीन. तपकिरी बॅग आणि वही.

कुझमा गेल्यावर दोन वर्षांनी ही बॅग घेऊन मी एकटी निघाले. ज्यांना चाळीस वर्षं चादरी घालून दिल्या, त्यांची गावं बघायला. बावीस दिवस फिरले. बॅग, वही आणि तोच प्रवास करायला लागेल तेवढी माझी शिल्लक, सगळं तेयाला. वही वाचता आली नाही (माझं अक्षर!) तर निदान एवढं लक्षात ठेव:

दहा दिवसांत सात देश उरकणारे माझ्याकडे पुष्कळ आले. सकाळी उठून विचारायचे, "बाई, आज आपण कुठे आहोत?" तसं करू नकोस. एका गावात तीन रात्री तरी राहा. तिसऱ्या दिवशी पाववाली ओळख दाखवते, तोवर ते गाव बघितलं असं म्हणू नये. मे महिन्यात जा नाहीतर सप्टेंबरात. जुलैमध्ये सगळे आपल्याकडे आलेले असतात, तिकडे घरी कोणी सापडत नाही. जुने जोडे घाल. नवे जोडे घालून युरोप बघायला निघालेली माणसं मी काखेत हात घालून जिने चढवली आहेत. चर्चमध्ये खांदे झाक, आणि आत गेल्यावर आधी बस, मग वर बघ. मान अवघडत नाही.

इटलीत कागदी तिकीट गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. मी विसरले. तपासनीस आला, मी त्याला घरची सुकी अंजिरं पुढे केली. त्याने अंजिरंही खाल्ली आणि दंडही केला. तरी माणूस चांगला होता, बोलोन्याला माझी बॅग त्यानेच उतरवली. बोलोन्यात छत्री नेऊ नकोस, रस्त्याकडेने कमानींचं छप्पर आहे, पावसात मैल मैल कोरडं चालता येतं. मला तो पाऊस फार आवडला.

व्हिएन्नात ऑपेरा उभ्याने बघ. रांगेत लवकर लाग आणि आत गेल्यावर कठड्याला आपला रुमाल बांध. मग ती जागा तुझी. खुशाल कॉफी पिऊन ये, कोणी हात लावत नाही. आमच्या धक्क्यावर असे रुमाल असते, तर शेजारच्या पेरिनाशी माझं अर्धं भांडण झालंच नसतं.

आणि सगळ्यात सुंदर काय पाहिलं म्हणशील, तर घेंट गावातली एक खिडकी. गोडेलीव्हबाई बावीस उन्हाळे माझ्याकडे आल्या. दर वर्षी निघताना मी त्यांना ऑलिव्ह तेलाची एक बाटली द्यायचे. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्या बावीसही बाटल्या रिकाम्या, धुऊन ओळीने मांडलेल्या होत्या, आणि सकाळचं ऊन त्यांच्यातून ओट्यावर येत होतं. मी तिथेच रडले. देश फुटला त्या लढाईच्या वर्षी, ब्याण्णव साली, आमच्याकडे कुत्रं फिरकत नव्हतं, तेव्हा याच बाईंनी कॉफी आणि लोकरी मोज्यांचं पार्सल पाठवलं होतं. मी खोल्या भाड्याने दिल्या आणि मला माणसं फुकट मिळाली. देवा, तुझे आभार.

चार. पेरिना गुगिच.

शेजारीण, धक्क्यावर डावीकडून तिसरी, माझी पस्तीस वर्षांची वैरीण. हिला मी काहीही देत नाही. कारण शेवटी आहे, पण आधी सगळी हकीकत नोंदवते, म्हणजे माझ्यामागे तिला कोणी नावं ठेवायला नको.

याकोव्ह सहासष्ट साली, एकोणीस वर्षांचा असताना, वडिलांची होडी घेऊन दोन मित्रांबरोबर इटलीला पळाला. तेव्हा त्या वयाच्या पोरांना सरकार पासपोर्ट देत नसे, इथून तसंच चोरून जावं लागे. होडी तिकडेच राहिली. पोलिसांनी वडिलांना अकरा दिवस बसवून ठेवलं. ते परत आले ते कोळी म्हणून संपूनच. घर माझ्या नावावर केलं आणि म्हणाले, "त्याचं नाव या घरात नको. पत्र आलं तर परत पाठव." पोस्टमन ल्युबो पत्र आणायचा, मी न उघडता त्याच्याच हातात द्यायची.

वडील एकोणऐंशी साली गेले. त्यानंतरही मी पत्रं परत करत राहिले. तेव्हा कोणाचा हुकूम होता? कोणाचाच नाही. पत्र उघडलं तर अर्धं घर द्यावं लागेल, ही माझी भीती होती. देवासमोर जायचंय, आता खोटं कशाला लिहू?

सत्त्याण्णवच्या जूनमधली गोष्ट. लढाई संपून दोनच वर्षं झालेली, पाहुण्यांचा दुष्काळ. दुपारच्या बोटीतून सात माणसं उतरली. त्यातला एक सरळ माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी बघितलं: लहान बॅग, म्हणजे तीन रात्री. नवे सँडल, आत मोजे, म्हणजे घासाघीस नाही. मी जर्मनमध्ये विचारलं, मग इटालियनमध्ये, मग इंग्रजीत. "खोली हवी? समुद्र दिसतो, नाश्ता मिळतो." तो गप्प. मला वाटलं, कमी ऐकू येतं. मी मोठ्याने सांगू लागले, "त्या खडकांवर अनवाणी उतरू नका हं, काटेरी गोळे असतात, पायात मोडतात." ज्या खडकावर बसवून मी लहानपणी त्याच्या तळपायातले काटे सुईने काढले होते, तेच ते खडक.

तो इंग्रजीत म्हणाला, "थँक यू, लेडी." आणि पुढे जाऊन पेरिनाजवळ थांबला.

मी तिला सगळ्यांदेखत शब्दांनी झोडपलं. "माझं बोलणं चालू असताना गिऱ्हाईक पळवलंस?"

"पळवलं कुठे, चालत आलं," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस मी तिच्या सज्जाखालून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणत होते, "काही घरांत चादरींना वास येतो म्हणे!" तो वर सज्जात बसलेला असायचा.

चौथ्या दिवशी बोट सुटल्यावर पेरिना माझ्या अंगणात येऊन उभी राहिली. "विंका, तो याकोव्ह होता."

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच संध्याकाळी. भाजलेले बांगडे हाताने, डोक्यासकट खाल्ले, तुझा बाप खायचा तसे. मग आपल्या बोलीत पाव मागितला."

"आणि मला सांगितलं नाहीस, सटवे?"

"त्याने आईची शपथ घातली होती. म्हणाला, ताईला ओळखू दे, मी तीन दिवस वाट बघतो." मग ती हळूच म्हणाली, "तू खालून चादरींबद्दल ओरडत होतीस, तेव्हा तो हसत होता ग. शेवटच्या दिवशी नाही हसला."

मी अकरा वर्षं पेरिनाशी बोलले नाही. चूक माझी आणि शिक्षा तिला. मग कुझमा गेला. महिनाभर मी दाराबाहेर पडले नाही, तरी माझ्याकडे पाहुणे येतच होते. नंतर ल्युबोकडून कळलं की पेरिना स्वतःची पाटी घरी ठेवून रोज माझी पाटी धरून उभी राहायची.

पेरिना, माझ्या भावाला तू तीन दिवस जेवू घातलंस, त्याचा सदरा धुऊन दिलास. मी हे तुला तोंडावर कधी म्हटलं नाही. तुझे पाय धरावेत असं वाटतं, पण गुडघे वाकत नाहीत. तुला काही देत नाही, कारण वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वाटा मिळतो त्याची साक्ष चालत नाही. आणि मला साक्षीला तूच हवीस. तेलाची मोठी बरणी माझ्या जिवंतपणीच घेऊन जा, उद्याच.

पाच. दोन खिडक्यांची खोली.

सत्त्याण्णवच्या त्या जूनमध्येच मी याकोव्हला पहिलं पत्र लिहिलं, नऊ पानांचं. पत्ता परत केलेल्या पाकिटांमागे वाचून पाठ झाला होता. दोन महिन्यांनी कार्ड आलं: "खोली स्वच्छ होती. सल्ला चांगला होता. खडकांवर अनवाणी उतरलो नाही." बस, एवढंच. तेव्हापासून दर जूनला मी लिहिते, 'ये रे.' दर नाताळला दोन ओळींचं कार्ड येतं. येतो असं त्यात नसतं. पण माझं एकही पत्र त्याने परत पाठवलं नाही. मी केलं तसं त्याने केलं नाही, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

सत्तावीस उन्हाळे ती खोली कोणाला दिलेली नाही. ऑगस्टात लोक बाकांवर झोपले, तोन्चीने कपाळावर हात मारून घेतला, तरी नाही. पलंग घातलेला आहे, चादर दर जूनला बदलते. अर्धं घर त्याचं होतं. एका खोलीने ते फिटत नाही, ठाऊक आहे. म्हणून असंही लिहिते की अंगणात बसायला, अंजिरं तोडायला, स्वयंपाकघरात भांडं उचलायला त्याने कोणालाही विचारायचं नाही. तो एक दिवसासाठी आला तरी खोली त्याची, न आला तरी त्याची. माझ्या आधी गेला तर त्याच्या मुलांची, ज्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत.

सहा. शेवटचं.

मला कुझमाशेजारी ठेवा. गेल्याचं याकोव्हला कळवा, पण इंग्रजीत नको, आपल्या बोलीत लिहा, 'ताई गेली' असं.

तेया, हे तुझ्यासाठी. मी गेल्यावर बोट आली की पाटी आधी खाली ठेव. बॅग बघू नकोस, पायताण बघू नकोस. उतरणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याचं तोंड नीट बघ, शेवटचा माणूस उतरेपर्यंत बघ. त्याची हनुवटी तुझ्या बापासारखी आहे. दिसला तर कुठल्याही भाषेत खोली विचारू नकोस. नुसतं "याकोव्हआजोबा" म्हण आणि बॅग हातात घे. रेघ ओलांडलीस तरी चालेल. तो नसेल, तर मग पाटी उचल.

हे सगळं मी स्वतःच्या हाताने लिहिलं, दोन्ही साक्षीदारांना वाचून दाखवलं आणि त्यांच्यासमोर सही केली.

व्हेला लुका, दिनांक १४ ऑक्टोबर २०२४

(सही) विंका ओरेब

साक्षीदार:

१. ल्युबो बार्चोट, निवृत्त पोस्टमन. (सही)

२. पेरिना गुगिच, धक्क्यावर डावीकडून तिसरी. (सही) ऐकलं, सगळं खरं आहे. चादरींना वास येत नव्हता. तेया पोरीने याकोव्हला कधी पाहिलेलं नाही, म्हणून बोट आली की तिच्याशेजारी मीही उभी राहीन.