जडाने आधी उतरायचं

१४ जानेवारी
रेमीला सांगितलं, मला दोरावरून उतरायला शिकव. तो दारातच उभा, बूटही न काढता. "कशाला?"
"गास्पार पडून गेला ती घळ मला उतरायची आहे. त्याच्याबरोबर तूच होतास. तूच ने."
त्याने बूट काढले. मग म्हणाला, "स्की तुला माझ्याहून बरी येते. दोराच्या बाबतीत मात्र ढ आहेस." परवापासून त्याच्या गॅरेजात.

१६ जानेवारी
गाठी. तीच गाठ चाळीस वेळा. बोटं चालतात, बाकी मी तिथे नसते. गास्पारला जाऊन नऊ महिने, हे असंच. बेकरीत लोक चौकशी करतात, मी पाव पुढे करते. सासूबाई म्हणाल्या, "नवऱ्यासाठी एकदा रडून घे गं." येतच नाही तर काय करू?

२९ जानेवारी
पायात स्की घालून रेमीच्या बाल्कनीतून दोरावरून उतरले. स्की कठड्यात अडकल्या, उलटी लटकले. शेजारीण खिडकीतून — "काय रे रेमी, वाळत घातलीस का तिला?" तो हसला. मीही हसले असेन.

९ फेब्रुवारी
गोठलेल्या धबधब्यापाशी. बर्फात दोन तिरकी भोकं पाडायची, आत एकमेकांना मिळणारी. त्यातून दोरीचा तुकडा ओवायचा, त्या तुकड्यात लांब दोर. बस्स — एवढ्यावर आख्खा माणूस. वर राखणीला बर्फात पिळून बसवलेला एक जादा स्क्रू, दोराला सैल जोडलेला. जड माणसाने आधी उतरायचं. भोकं फुटली तरी स्क्रू धरतो. हलक्याने मग स्क्रू काढून घ्यायचा आणि शेवटी यायचं. रेमी हे सगळं बर्फाकडे बघत बोलला, पाठ केल्यासारखं.

१० फेब्रुवारी
गास्पार अठ्ठ्याऐंशी किलो. रेमी एकसष्ट. आणि आधी रेमी उतरला होता.
हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. कळलं आज.

१२ फेब्रुवारी
विचारलं. तो सूप ढवळत होता, ढवळतच राहिला.
"ऊन चढलं होतं. वर एकट्याने मागे राहायची मला भीती वाटली. गास्पार म्हणाला, जा तू, स्क्रूही घेऊन जा, खाली लागेल. भोकांनी मला धरलं. आम्हाला वाटलं, म्हणजे त्यालाही धरतील."
मग म्हणाला, "काहीतरी बोल मला."
मी वाडगा पुढे केला. सूप प्यायले. बरं झालं होतं.

२७ फेब्रुवारी
त्याच्या वजनकाट्यावर उभी राहिले. चौसष्ट! दुःखाने माणूस वाळतो म्हणे. मी बेकरीतलं उरलंसुरलं खाऊन फुगले. म्हणजे घळीत आधी मी. शेवटी रेमी, मी पाडलेल्या भोकांवर. लटकू दे त्यालाही एकदा नुसत्या बर्फावर.
असं लिहिताना लाज वाटायला हवी. वाटत नाही.

१९ मार्च
वारा. गेलो नाही.

१ एप्रिल
उद्या पहाटे निघायचं. रेमी म्हणाला, "भोकं तूच पाड. मी हात लावणार नाही." चीज, पाव, थर्मास भरून ठेवला. झोप येईल असं वाटतंय.

२ एप्रिल
वरचा उतार स्कीवर नीट झाला. मग तो बर्फाचा कडा. भोकं मी पाडली, चाळीस मीटर खाली आले, बाजूला होऊन वर पाहिलं. रेमी स्क्रूवर वाकला होता. ओरडले, "काढू नको! तसाच ये!"
त्याने ऐकलं. तरी काढला.
तो खाली पोचेपर्यंत मी काय केलं, आठवत नाही. स्क्रू माझ्या हातात ठेवला त्याने. मी त्याला एक थोबाडीत दिली. मग रडू आलं, ते स्की घालतानाही थांबेना.