खाचेतला खडू

आई, तुला वाकून नमस्कार.

मी बरा आहे, वेळेवर जेवतो, उगाच काळजी करत बसू नकोस. तुझा गुडघा कसा आहे? ताई येऊन जाते ना?

इथे एका शिडाच्या बोटीचं काम आलं होतं. केबिनवरचं सरकतं झाकण इतकं घट्ट बसलेलं, की दोघांनी ओढलं तरी हलेना. मिस्त्री म्हणाला, "सरसकट रंधा मार." मी नाही मारला. बाबा करायचे तसा खाचेत खडू घासला. मिस्त्री हसला, "बोटीला पावडर लावतोस काय!" मग ठोकून ठोकून झाकण जरा पुढेमागे केलं आणि जिथला खडू पुसला गेला, तेवढंच तासलं. झाकण एका बोटाने सरकलं.

मालक खूश. "कुणी शिकवलं रे?"

"वडिलांनी."

"मग खालचं दारही अडतंय. काय करायचं, विचार त्यांना."

"विचारतो," म्हटलं. बाबा गेले, हे सांगितलंच नाही. तेव्हा मला येता आलं नाही ना, त्यामुळे इथे ते अजून गेलेलेच नाहीत.

तू शाळेतून आणलेला खडूचा तुकडा त्यांच्या शर्टाच्या खिशात असेल. मी येईपर्यंत तो शर्ट धुऊ नकोस.

तुझा,
धाकटा